दशांश व्होल्टचे राजकारण

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, तेव्हा राजधानीतील चर्चा दोनच आकड्यांभोवती फिरत राहिली. पहिला आकडा १९ हजार ७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीचा. दुसरा, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याच्या उद्दिष्टाचा. त्याच विवरणात तिसराही एक आकडा होता आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संशोधन आणि विकासासाठी ठेवलेली रक्कम होती ४०० कोटी रुपये, म्हणजे एकूण तरतुदीच्या जेमतेम दोन टक्के. याउलट प्रोत्साहनपर अनुदानासाठी १७ हजार ४९० कोटी राखून ठेवले गेले. त्यांपैकी १३ हजार ५० कोटी हायड्रोजनच्या उत्पादनासाठी आणि ४ हजार ४४० कोटी तो तयार करणारी यंत्रे, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, देशात बनवण्यासाठी.

अनुदान देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. नवा उद्योग उभा करायचा तर सुरुवातीला सरकारला हात सैल सोडावाच लागतो. प्रश्न आहे तो पैसा कशासाठी मोजायचा याचा. हायड्रोजनच्या किमतीचा खरा निर्णय ज्या ठिकाणी होतो, ते ठिकाण निकेलच्या जाळीवर चढवलेल्या, केसाहूनही पातळ अशा लेपात आहे. त्या लेपाची विद्या आपल्या हाती नसेल, तर कारखान्यावर तिरंगा फडकेल, पण किल्ली परदेशातच राहील. आपल्या धोरणाने नेमकी हीच बाब दोन टक्क्यांच्या रकान्यात ढकलली आहे.

हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र आवश्यक आहे. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे शालेय प्रयोगामुळे बहुतेकांना ठाऊक असते. अल्कधर्मी विद्युत अपघटनाचा कारखाना म्हणजे तत्त्वतः त्याच प्रयोगाचे विराट रूप. पाण्यात २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळतात, द्रावण ७० ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि त्यात निकेलचे इलेक्ट्रोड, ज्यांना पाठ्यपुस्तकी मराठीत विद्युतअग्रे म्हणतात, समोरासमोर बसवतात. ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो, धनाग्रावर ऑक्सिजन. दोन्ही वायू एकमेकांत मिसळून स्फोट होऊ नये म्हणून मध्ये सच्छिद्र पडदा असतो. पाण्याचा रेणू फोडण्यासाठी निसर्ग किमान १.२३ व्होल्ट मागतो. या क्रियेला लागणारी उष्णताही विजेतूनच पुरवायची, तर १.४८ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात कारखान्यात १.८ ते २ व्होल्ट खर्ची पडतात. हा जादा दाब काही अंशी द्रावणातून आणि पडद्यातून वाट काढण्यात संपतो, काही अंशी पृष्ठभागाला चिकटून बसलेल्या बुडबुड्यांमुळे वाया जातो. पण त्याचा मोठा वाटा इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर अभिक्रिया सहजासहजी होत नाही म्हणून मोजावा लागतो.

येथे अर्थशास्त्र सुरू होते. एक किलो हायड्रोजनसाठी किती विद्युतप्रभार लागणार, हे फॅरडेच्या नियमाने कायमचे ठरवून टाकले आहे. त्यात कोणत्याही मंत्रालयाला सूट मिळत नाही. आपल्या हाती उरतो तो फक्त व्होल्ट. प्रत्येक व्होल्टमागे किलोला सुमारे २६.६ युनिट वीज जाते. म्हणजे घट १.८ व्होल्टवर चालला तर किलोमागे ४८ युनिट, २ व्होल्टवर चालला तर ५३ युनिट. एक दशांश व्होल्टचा फरक म्हणजे किलोमागे २.६६ युनिट. हा आकडा क्षुल्लक वाटेल. तथापि त्याला मिशनच्या ५० लाख टनांनी गुणून पाहावे. वर्षाला सुमारे १ हजार ३३० कोटी युनिट होतात. वीज तीन रुपये युनिटने मिळाली असे धरले, तरी वर्षाला ४ हजार कोटी रुपयांच्या आसपास रक्कम येते. संशोधनासाठी दिलेल्या संपूर्ण रकमेच्या ही दहापट, आणि तीही एकदाच नव्हे, तर दरवर्षी.

हा दशांश व्होल्ट काल्पनिक नाही. साध्या निकेलच्या ऋणाग्राऐवजी रेनी निकेलचा लेप दिलेले ऋणाग्र वापरले, तर त्याहून अधिक बचत होऊ शकते, हे उद्योगाला कित्येक दशके ठाऊक आहे. रेनी निकेलची युक्ती साधी आहे. निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू जाळीवर चढवायचा आणि मग तीव्र अल्कद्रावणात त्यातील ॲल्युमिनियम विरघळवून काढायचे. मागे उरते ते असंख्य सूक्ष्म छिद्रांचे निकेल. बाहेरून दिसणारे क्षेत्रफळ तेवढेच, पण आतला पृष्ठभाग कित्येक पटींनी अधिक. ऑक्सिजनच्या बाजूची कथा आणखी उद्बोधक आहे. निकेलच्या धनाग्रावर द्रावणातील लोहाचा नाममात्र अंश बसला की ऑक्सिजन सुटणे लक्षणीयरीत्या सोपे होते, हे कॉरिगन या संशोधकाने १९८७ मध्ये दाखवले. ज्याला अशुद्धी म्हणून हिणवले जात होते, तेच उत्प्रेरक ठरले. तेव्हापासून निकेल आणि लोह यांची संयुगे हा जगभरच्या प्रयोगशाळांचा आवडता विषय झाला आहे.

भारताच्या दृष्टीने या सगळ्याला एक भूराजकीय बाजू आहे. अल्कधर्मी पद्धतीची प्रतिस्पर्धी असलेली आम्लधर्मी पटलाची पद्धत अधिक आटोपशीर आहे, पण तिला प्लॅटिनम आणि इरिडियम लागते. इरिडियमचे जगभरचे वार्षिक उत्पादन अवघे सात-आठ टन असून त्याचा बहुतांश भाग दक्षिण आफ्रिकेतून येतो. अशा धातूवर राष्ट्रीय ऊर्जाधोरण उभारणे शहाणपणाचे नाही. निकेलबाबतही आपण आयातीवरच अवलंबून आहोत आणि जून २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत त्याचा समावेश आहे. तरी निकेल जगाच्या बाजारात मुबलक मिळते. इरिडियमचे तसे नाही. म्हणजे अल्कधर्मी मार्ग हाच आपला स्वाभाविक मार्ग ठरतो आणि त्या मार्गावरील स्पर्धा धातूच्या मालकीची नसून लेपाच्या कौशल्याची आहे.

या मार्गावर आपण नवखे आहोत, असा समज राजधानीत आढळतो. तो खरा नाही. दिल्लीतील मराठी मंडळींपैकी अनेकांनी भाक्रा धरण पाहिले असेल. धरणाच्या खाली, सतलजच्या काठी असलेल्या नांगल येथे १९६१ मध्ये खताचा कारखाना सुरू झाला, तो भाक्राच्या जलविद्युतीवर. अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन तेथे नाफ्था किंवा नैसर्गिक वायूपासून नव्हे, तर पाण्याच्या विद्युत अपघटनातून मिळवला जात होता. ताशी सुमारे ३० हजार घनमीटर हायड्रोजन देणारा हा संच जगातील सर्वांत मोठ्या संचांपैकी एक होता. आजच्या मापाने त्याची क्षमता सव्वाशे मेगावॉटच्या पुढे जाईल. त्याच्याशी जोडूनच १९६२ मध्ये देशातील पहिला जडपाण्याचा कारखाना उभा राहिला आणि डॉ. होमी भाभांच्या अणुकार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला. ‘हरित हायड्रोजन’ हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी भारताने तो मोठ्या प्रमाणावर करून दाखवला होता.

मग झाले काय? शेतीच्या पंपांना आणि वाढत्या शहरांना भाक्राची वीज हवी झाली. त्या विजेचे मोल वाढले आणि पाणी फोडण्यासाठी ती वापरणे परवडेनासे झाले. १९७८ मध्ये नांगलला इंधन तेलावर चालणारा नवा कारखाना आला आणि २०१३ मध्ये तो नैसर्गिक वायूवर गेला. त्या त्या काळातील हिशेबाने हे निर्णय चुकीचे नव्हते. चूक झाली ती वेगळी. विद्युत अपघटनाचे संच बंद पडले, तेव्हा त्यांच्याबरोबर तेथे साठलेले ज्ञानही विसर्जित झाले. कोणता इलेक्ट्रोड किती वर्षे टिकला, कोणता कशामुळे झिजला, याची विद्या पुढच्या पिढीच्या हाती देणारी संस्था आपण उभी केली नाही.

नांगलच्या संचांची यंत्रे डी नोरा या इटालियन कंपनीची होती, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मिलानमध्ये १९२३ साली स्थापन झालेली ही कंपनी इलेक्ट्रोड आणि त्यांवरील लेप या एकाच विषयाला चिकटून राहिली. हायड्रोजनला मागणी नव्हती त्या दशकांत तिने क्लोरिन आणि कॉस्टिक सोड्याच्या उद्योगासाठी लेपित इलेक्ट्रोड पुरवले. गोव्यात कुंडई येथे तिचा या कामाचा कारखाना आहे. आज सौदी अरेबियातील निओम येथे दोन हजारांहून अधिक मेगावॉटचे अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझर पुरवणाऱ्या जर्मन कंपनीत डी नोराची भागीदारी आहे. नांगलला यंत्रे विकणारा विक्रेता साठ वर्षांनंतरही बाजारात अग्रभागी आहे. खरेदी करणारा मात्र पुन्हा खरेदीच्या निविदा काढतो आहे. दोघांमधला फरक पैशाचा नसून चिकाटीचा आहे.

सौर ऊर्जेच्या क्षेत्रात हा धडा आपण एकदा गिरवलेला आहे. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. देशी बनावटीच्या घटांची अट घातली, तर अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये अपिलातही निकाल आपल्याविरुद्ध गेला. दरम्यान चीनने पॉलिसिलिकॉनपासून पॅनेलपर्यंतची संपूर्ण साखळी आपल्या हाती घेतली. पुढे आपण उत्पादनाशी निगडित अनुदान दिले, आयातीवर निर्बंध आणले, पॅनेलचे कारखाने उभे राहिले. पण साखळीच्या मुळाशी असलेल्या पॉलिसिलिकॉन आणि वेफरसाठी आपण अजूनही परक्यांकडे पाहतो. जोडणी आपली, गाभा दुसऱ्याचा, असे त्याचे स्वरूप राहिले. इलेक्ट्रोलायझरच्या जागतिक उत्पादनक्षमतेपैकी सुमारे साठ टक्के क्षमता आज चीनकडे आहे आणि पाश्चात्त्य यंत्रांच्या निम्म्याहून कमी किमतीत चिनी अल्कधर्मी यंत्रे विकली जातात. पोलादी चौकटी, पंप, टाक्या आणि वीजपुरवठ्याचे संच आपण येथे बनवले आणि लेपित जाळ्या पेट्यांत भरून आणल्या, तर सौर पॅनेलच्या कथेचा दुसरा भाग लिहिला जाईल.

निष्पक्षपणे सांगायचे तर नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला याची जाणीवच नाही, असे म्हणता येणार नाही. इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांना मिळणारे अनुदान पहिल्या वर्षी किलोवॉटमागे ४ हजार ४४० रुपये असून ते पाचव्या वर्षी १ हजार ४८० रुपयांवर येते. त्यासाठी यंत्राचा ऊर्जावापर आणि स्थानिक मूल्यवर्धन यांचा विचार होतो. पहिल्या फेरीत, जानेवारी २०२४ मध्ये, वार्षिक १ हजार ५०० मेगावॉट क्षमतेचे वाटप झाले आणि त्या फेरीत ३०० मेगावॉटचा वेगळा गट देशी तंत्रज्ञानासाठी राखलेला होता. ही दूरदृष्टी कौतुकास्पद आहे. पण उरलेले १ हजार २०० मेगावॉट कोणत्याही तंत्रज्ञानाला खुले होते, हेही विसरता येत नाही. शिवाय स्थानिक मूल्यवर्धनाची टक्केवारी रुपयांत मोजली जाते. पोलाद जड आणि किमती असते, लेप हलका. टक्केवारी पूर्ण होईल आणि विद्या येणार नाही, हे सहज शक्य आहे.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जातो. हायड्रोजनच्या किमतीत विजेचा वाटा सर्वांत मोठा, इलेक्ट्रोडचा नगण्य. तेव्हा वीज स्वस्त करा, इलेक्ट्रोड जगातून उत्तम तो विकत घ्या. या युक्तिवादाचा पूर्वार्ध बरोबर आहे आणि म्हणूनच उत्तरार्ध चुकीचा आहे. विजेचा वाटा मोठा आहे म्हणूनच वीज वाचवणारा लेप मोलाचा ठरतो. विकत घेण्याचे म्हणाल तर इलेक्ट्रोड ही एकदाच घेण्याची वस्तू नाही. त्याचे आयुष्य साठ ते ऐंशी हजार तासांचे, म्हणजे अखंड चालवल्यास सात ते नऊ वर्षांचे. त्यानंतर जुने काढून नवे बसवावे लागतात किंवा त्यांवर पुन्हा लेप द्यावा लागतो. आज ज्याच्याकडून घेऊ, त्याच्याच दारात आठ वर्षांनी पुन्हा उभे राहावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो आपल्या शास्त्रज्ञांना लागू होतो. इलेक्ट्रोडवर भारतात संशोधन कमी होते असे नाही. शोधनिबंध विपुल निघतात. परंतु त्यांतील पुष्कळसे प्रयोग टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यावर, सौम्य द्रावणात, खोलीच्या तापमानाला आणि चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर एवढ्या प्रवाहावर केलेले असतात. कारखान्यात प्रवाह त्याच्या वीस, तीस, चाळीस पट असतो, द्रावण तीव्र आणि तप्त असते आणि इलेक्ट्रोड चौरस मीटरमध्ये मोजला जातो. प्रयोगशाळेत काही दिवस चमकलेला उत्प्रेरक तेथे काही आठवड्यांत जाळीवरून गळून पडू शकतो. तेव्हा पैसा वाढवा एवढेच म्हणून भागत नाही. तो टिकाऊपणाच्या परीक्षेवर खर्च व्हायला हवा.

टिकाऊपणाचा प्रश्न हरित हायड्रोजनच्या बाबतीत विशेष बिकट आहे. नांगलच्या संचाला धरणाची वीज संथ आणि सतत मिळत होती. आजच्या संचाला सूर्य आणि वारा यांच्या लहरीवर चालायचे आहे. यंत्र बंद पडले की काही काळ घटात उलटा प्रवाह वाहतो, ऋणाग्रावरील लेपाचे ऑक्सिडीकरण होते आणि दररोजच्या उघडझापीने तो थकत जातो. प्रवाह फार कमी केला तर पडद्यातून झिरपणाऱ्या हायड्रोजनचे ऑक्सिजनमधील प्रमाण वाढते आणि ते चार टक्क्यांच्या जवळ गेले की स्फोटाची भीती असते. चीनमध्ये शिनजियांगमधील कुचा येथे सिनोपेक कंपनीने २०२३ मध्ये २६० मेगावॉटचा अल्कधर्मी प्रकल्प सुरू केला. कमी भारावर चालवताना त्याला अडचणी येत असल्याची वृत्ते त्याच वर्षाच्या अखेरीस आली होती. म्हणजे जगाच्या पुढे असलेल्या चीननेही हा प्रश्न पूर्णपणे सोडवलेला नव्हता. भारताला शिरकाव करण्यासाठी खिडकी आहे ती येथे. राजस्थानच्या उन्हात रोज उघडझाप सोसून आठ वर्षे टिकणारा इलेक्ट्रोड जो बनवील, त्याला बाजार शोधावा लागणार नाही.

याची पूर्वतयारी आपल्याकडे आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने सच्छिद्र निकेलचे इलेक्ट्रोड वापरून चौरस मीटरला ४ हजार ५०० अँपिअर प्रवाहावर चालणारा अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझर विकसित केला. डिसेंबर २०२१ मध्ये भारत पेट्रोलियमने हे तंत्रज्ञान मोठ्या प्रमाणावर नेण्यासाठी केंद्राशी सहकार्य जाहीर केले. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२३ मध्ये स्वतंत्र हरित हायड्रोजन धोरण मंजूर करून त्यासाठी ८ हजार ५६२ कोटींची तरतूद केली. धातूचे लेप देणारे कुशल कारागीर आणि छोटे कारखाने मुंबई-पुणे पट्ट्यात पूर्वीपासून आहेत. प्रयोगशाळा, तेलकंपनी, राज्य सरकार आणि लघुउद्योग या चौघांना एका माळेत ओवणारा दोरा तेवढा हवा आहे.

तो दोरा दिल्लीतच वळावा लागेल आणि त्यासाठी मिशनची फेररचना करण्याचीही गरज नाही. पहिली गोष्ट म्हणजे देशात किमान एक खुले परीक्षण केंद्र असावे. विद्यापीठ असो की लघुउद्योजक, कोणीही आपला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रोड तेथे द्यावा आणि तो तप्त, तीव्र द्रावणात, सौर विजेच्या चढउतारासह किमान आठ हजार तास चालवून निकाल जाहीर व्हावा. दुसरी गोष्ट, अनुदानाचा काही हिस्सा यंत्र बसवल्याच्या दिवशी न देता तीन आणि पाच वर्षांनी, प्रत्यक्ष मोजलेल्या व्होल्टनुसार द्यावा. व्होल्ट तासाला केवळ एक मायक्रोव्होल्टने वाढत गेला, तरी ऐंशी हजार तासांत ०.०८ व्होल्ट गमावले जातात. सुरुवातीची बचत जवळजवळ तेवढ्यात संपते. तिसरी, स्थानिक मूल्यवर्धनात लेपित इलेक्ट्रोडची वेगळी अट असावी. चौथी, जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेतून या कामाला दीर्घ मुदतीचा निधी मिळावा.

शेवटचा मुद्दा या पानाच्या अधिकारी वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. आठ हजार तासांची एक चाचणी अकरा महिने चालते. लेपात एक बदल करायचा, तो तपासायचा, पुन्हा बदलायचा, असे चार वेळा केले की चार वर्षे गेली. सहसचिवाची नेमणूक एवढी टिकतेच असे नाही आणि न खर्चलेला निधी ३१ मार्चला परत जातो. परिणामी ज्याचे उद्घाटन वर्षभरात होऊ शकते ते काम फाइलवर वेगाने सरकते आणि ज्याला संयम लागतो ते मागे पडते. यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. व्यवस्थाच तशी घडली आहे. पण एखाद्या नस्तीवर निधी पाच वर्षांसाठी पुढे ओढता यावा, अशी टिपणी लिहिणे आणि ती व्यय विभागाकडून संमत करून घेणे हेही देशकार्यच आहे. त्याची बातमी होणार नाही, छायाचित्र छापून येणार नाही. नांगलच्या वेळी अशी टिपणी कोणी लिहिली असती आणि तेथील इलेक्ट्रोडांचा अभ्यास करणारा एक छोटा गट जगवला असता, तर त्या दशांश व्होल्टसाठी आज आपल्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागले नसते.